वाक्य की यादी : स्क्रिप्टमधून प्रोग्राम चालवण्याचा इतिहास

संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या दोन रीती दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. पहिल्या रीतीत लिहिलेला मजकूर आधी संपूर्णपणे यंत्राच्या भाषेत उतरवला जातो आणि तयार झालेली फाइल मग हवी तेव्हा थेट चालवता येते. या उतरवण्याला कंपाइल करणे म्हणतात आणि सी किंवा फोर्ट्रान या भाषांतले प्रोग्राम असे घडतात. दुसऱ्या रीतीत मजकूर तसाच राहतो आणि इंटरप्रिटर नावाचा एक वेगळा प्रोग्राम तो वाचत वाचत अमलात आणतो. शेल, पर्ल, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट लिहिण्याच्या भाषा या वर्गात मोडतात. पहिल्या रीतीचे प्रोग्राम वेगवान असतात, दुसऱ्या रीतीचे लिहायला आणि बदलायला सोपे असतात, त्यामुळे जड काम पहिल्यांनी करावे आणि त्याची जुळवाजुळव दुसऱ्यांनी करावी, अशी विभागणी जवळजवळ आपोआप होत गेली. स्क्रिप्टने तयार प्रोग्राम सुरू करायचा, त्याला कामाचा तपशील द्यायचा, तो संपेपर्यंत थांबायचे, त्याने छापलेला मजकूर वाचून घ्यायचा आणि काम साधले की फसले याची विचारणा करायची, एवढाच हा व्यवहार आहे. परंतु त्याच्या साठ वर्षांच्या इतिहासात एक प्रश्न सतत वर येत राहतो, आणि तो म्हणजे कामाचा तपशील कोणत्या रूपात द्यायचा हा. माणूस कमांड लाइनवर टाइप करतो तसे एक सलग वाक्य रचून ते मधल्या कोणाकडे तरी उलगडायला सोपवायचे, की आधीच सुटे केलेले शब्द यादीच्या रूपाने थेट प्रोग्रामच्या हाती द्यायचे? वाक्य सोयीचे आणि यादी सुरक्षित, असा हा झगडा आहे. त्यात सोयीने जवळजवळ पाव शतक बाजी मारली आणि तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली, असेच या इतिहासाकडे पाहून म्हणावे लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये सीटीएसएस ही यंत्रणा प्रथम दाखवण्यात आली. एकाच महागड्या संगणकाचा वेळ बारीक तुकड्यांत विभागून अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी ही यंत्रणा होती, आणि तिच्यापुढे बसलेला माणूस एकेक आज्ञा टाइप करून एकेक प्रोग्राम चालवत असे. त्याच त्या आज्ञा त्याच त्या क्रमाने रोज टाइप करण्याचा कंटाळा टाळण्यासाठी लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला. आज्ञांच्या ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि रनकॉमने त्या क्रमाने चालवायच्या, आणि ओळींतील काही जागा रिकाम्या ठेवून ऐन वेळी तेथे हवे ते नाव भरता यायचे. स्क्रिप्टमधून तयार प्रोग्राम चालवण्याची ही पहिली ठळक नोंद म्हणता येईल, आणि आजही युनिक्सवर शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलींच्या नावांच्या शेवटी जी 'आरसी' ही अक्षरे असतात ती रनकॉमचीच खूण आहे. पूझँ यांनी १९६५ मध्ये, मल्टिक्स या पुढच्या आणि कितीतरी महत्त्वाकांक्षी यंत्रणेसाठी, आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा भाग यंत्रणेच्या गाभ्यापासून वेगळा असावा अशी कल्पना एका टिपणात मांडली आणि त्या भागाला शेल हे नाव दिले. ते स्वतः फ्रान्सला परतल्यावर मल्टिक्सचा पहिला शेल ग्लेंडा श्रोडर यांनी एमआयटीत लिहिला. मल्टिक्समध्ये आज्ञा चालवणे म्हणजे त्याच प्रोसेसच्या आत एक उपप्रोग्राम हाकारणे असे, प्रोसेस म्हणजे चालू अवस्थेतील प्रोग्राम. पुढे युनिक्सने नेमकी हीच रचना बदलली.

बेल लॅब्ज या संस्थेने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले, आणि न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर युनिक्सची पहिली घडण केली. रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवर १९७९ मध्ये मांडलेल्या निबंधात या आरंभकाळाची जी हकिगत दिली आहे, ती प्रस्तुत विषयासाठी फार मोलाची आहे. अगदी सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस होती. शेल आज्ञा वाचत असे, आणि मग मागितलेला प्रोग्राम स्मृतीत शेलच्याच जागेवर येऊन बसत असे, म्हणजे आज्ञा देणारा आज्ञा देताक्षणी पुसला जाई आणि काम संपल्यावर त्याला डिस्कवरून पुन्हा आणावे लागे. या रचनेत वाट पाहत थांबणारा, निकाल विचारणारा असा कोणी उरतच नव्हता. त्यावर उपाय म्हणून फोर्क ही सोय आली, आणि तिची कल्पना कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या जीनी या प्रकल्पातून घेतलेली होती. फोर्कमुळे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. मूळ प्रोसेसला पालक आणि प्रतीला अपत्य म्हणतात. अपत्य मग एक्झेक या दुसऱ्या सोयीने स्वतःच्या जागी हवा तो प्रोग्राम आणून बसवते आणि पालक आपल्या जागी शाबूत राहून त्याची वाट पाहतो. पीडीपी-७ वर फोर्कसाठी असेंब्ली भाषेच्या फक्त २७ ओळी पुरल्या, असे रिची नोंदवतात.

या बदलाचा आनंद चालू असतानाच डिरेक्टरी बदलणारी आज्ञा चालेनाशी झाली. आज्ञा आता अपत्य प्रोसेसमध्ये चालत होती, त्यामुळे डिरेक्टरी बदलत होती ती अपत्याची, आणि अपत्य लगेच संपल्यामुळे त्या बदलाचा पालकाला काहीच उपयोग नव्हता. शेवटी ही एक आज्ञा शेलने स्वतःच्याच आत पार पाडावी असे ठरले. आज पायथनच्या एखाद्या स्क्रिप्टमधून सीडी ही आज्ञा चालवली तरी स्क्रिप्ट होती त्याच डिरेक्टरीत राहते आणि नवशिके बुचकळ्यात पडतात, त्याचे कारण हेच आहे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. आज्ञांची फाइल शेलला देऊन सगळ्यांचा निकाल एकाच फाइलमध्ये गोळा करायचा झाल्यास, पहिला प्रोग्राम जेथपर्यंत लिहून थांबला ती जागा दुसऱ्याला ठाऊक नसे आणि तो पुन्हा आरंभापासून लिहून पहिल्याचे काम पुसून टाकत असे. त्यासाठी फाइलमधील वाचण्या-लिहिण्याची चालू जागा एकेका प्रोसेसकडे न ठेवता, पालक आणि अपत्ये यांना सामाईक अशा एका वेगळ्या तक्त्यात ठेवावी लागली. म्हणजे युनिक्सच्या गाभ्यातील एक पायाभूत रचनाच मुळी स्क्रिप्टमधून एकापाठोपाठ प्रोग्राम नीट चालावेत या गरजेतून घडली. गाभा आधी आणि स्क्रिप्ट ही त्यावरची नंतरची कलाकुसर, हा जो सर्वसाधारण समज आहे तो या उदाहरणापुढे टिकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एक्झेकला जे दिले जाते त्यात प्रोग्रामच्या फाइलचे नाव आणि सुट्या शब्दांची यादी असते. जागा सोडून लिहिलेले शब्द वेगळे करणे, अवतरणचिन्हांतील मजकूर एकत्र ठेवणे, तारांकनाच्या जागी जुळणारी फाइलनावे भरणे ही सगळी कामे शेल करतो, आणि युनिक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सलग वाक्य कधीच समजत नव्हते. मूळ पाया यादीचा असताना वाक्य वरचढ कसे झाले, हे समजण्यासाठी १९७० चे दशक पाहावे लागते.

बेल लॅब्जमधील डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मध्येच एका टिपणात, बागेतील पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत अशी अपेक्षा व्यक्त केली होती; ती १९७३ मध्ये पाइपच्या रूपाने युनिक्समध्ये प्रत्यक्षात आली. एका प्रोग्रामने छापलेला मजकूर फाइलमध्ये न ठेवता सरळ दुसऱ्याच्या वाचनात सोडणारा हा मार्ग, आणि त्याच्यासाठी योजलेली उभी रेघ, यांनी छोट्या कंपाइल केलेल्या प्रोग्रामांचे मोल एकदम वाढवले. सॉर्ट, ग्रेप यांसारखे प्रोग्राम एकेकटे मामुली होते, पण एकाच ओळीत गुंफता येऊ लागल्यावर ती ओळच नवा प्रोग्राम ठरू लागली. मात्र अशी ओळ उलगडण्याचे ज्ञान फक्त शेलजवळ होते, म्हणून ज्याला पाइप हवा त्याला शेलला मध्ये घेणे भाग पडे. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीने ही प्रथा पक्की केली. स्टीफन बोर्न यांचा नवा शेल तीत आला, आणि त्यात उलट्या अवतरणचिन्हांमध्ये आज्ञा लिहिली की तिने छापलेला मजकूर त्याच जागी भरला जाई. त्याच आवृत्तीत सी भाषेच्या लायब्ररीत सिस्टम आणि पीओपन ही फंक्शने होती. सिस्टमला एक वाक्य द्यायचे. ते अपत्य प्रोसेस तयार करते, तीत शेल चालवते, वाक्य शेलच्या हवाली करते आणि निकाल येईपर्यंत थांबते. पीओपन हेच करते, पण अपत्याशी पाइपने जोडलेले ठेवते. पालकाने वेगळे न सांगताही अपत्याला पोचणारी नावे आणि मूल्ये, ज्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, तीही याच आवृत्तीपासूनची आहेत आणि पुढे त्यांची गोष्ट पुन्हा येणार आहे.

फोर्क, एक्झेक, पाइप आणि प्रतीक्षा यांची जुळणी हाताने करायची तर वीस-पंचवीस ओळी लिहाव्या लागत आणि सिस्टमला एकच ओळ पुरे. तेव्हा प्रोग्रामरांनी काय निवडले असेल हे सांगायला नको. त्या काळी या सोयीतला धोका फारसा जाणवला नाही याला परिस्थितीही कारण होती. सातव्या आवृत्तीत फाइलचे नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचे असे, नावात जागा सोडण्याची पद्धत नव्हती, आणि आज्ञा रचणारा व ती चालवणारा बहुधा एकच माणूस असे. वाक्यात परक्याचा शब्द येऊन बसण्याचा प्रसंगच क्वचित येत होता.

काम साधले की फसले हे कळवण्याची रीतही या काळात रूढ झाली. प्रोग्राम संपताना एक लहान आकडा मागे ठेवतो, शून्य म्हणजे यश आणि इतर काहीही म्हणजे अपयश. पण ग्रेपला शोधलेला शब्द सापडला नाही तर तो १ देतो, आणि हे अपयश मानायचे की नुसते उत्तर, ते स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. युनिक्सवर वाट पाहणाऱ्या पालकाला हा आकडा एका मोठ्या आकड्याच्या वरच्या आठ बिटांत मिळतो, कारण खालच्या बिटांत प्रोग्राम बाहेरच्या एखाद्या सिग्नलने मेला का याची नोंद असते. त्यामुळे पायथनच्या जुन्या ओएस.सिस्टममध्ये १ च्या ऐवजी २५६ हे उत्तर येते आणि अनेकांचा गोंधळ उडतो.

शेलच्या बाहेरच्या स्क्रिप्टभाषांत ऑक ही १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्येच जन्मलेली भाषा आपला निकाल दुसऱ्या प्रोग्रामच्या पाइपमध्ये सोडू शकत असे. परंतु या व्यवहाराला भाषेच्या केंद्रस्थानी आणले ते पर्लने. लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा शेल, ऑक आणि मजकूर बदलणारा सेड हा प्रोग्राम यांच्यात विभागलेली कामे एकाच भाषेत करता यावीत हा तिचा उद्देश होता, आणि म्हणून बोर्न शेलची उलटी अवतरणचिन्हे, सिस्टम, एक्झेक आणि पाइपसह उघडणारे ओपन हे सारे तिने जसेच्या तसे उचलले. पर्लमध्ये सिस्टमला एक वाक्य दिले आणि त्यात शेलला विशेष अर्थाची चिन्हे असली तर शेल मध्ये येतो, ती नसली तर पर्ल स्वतःच शब्द सुटे करून प्रोग्राम थेट चालवते, आणि वाक्याऐवजी अनेक शब्दांची यादी दिली तर शेलला वगळलेच जाते. ही हुशारी वेगासाठी केलेली होती आणि तिचे कौतुकही झाले. पण दिलेल्या मजकुरात काय आहे यावर मधला दलाल येणार की नाही हे ठरत असल्यामुळे, साध्या नावांवर तपासून घेतलेली स्क्रिप्ट एखाद्या अर्धविरामाने भलतेच काही करून बसते आणि चाचणीत ते कधीच दिसत नाही. यादीचा दरवाजा पर्लने उघडा ठेवला होता, पण वाक्याचा दरवाजा त्याच्याच शेजारी आणि अधिक रुंद होता.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात, रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या वेब सर्व्हरच्या सोबतीने, सीजीआय नावाचा संकेत आकाराला आला. वाचकाने वेबवरून पाठवलेली माहिती सर्व्हरने एखाद्या प्रोग्रामला द्यावी आणि त्या प्रोग्रामने छापलेला मजकूर वाचकाला परत पाठवावा, असा तो संकेत होता. पर्लला या कामात जी मागणी आली तिच्यामुळे ती भाषा घराघरांत पोचली. आता वाक्यात बसणारे शब्द जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाचे होते. या संकटाचे सर्वांत बोलके उदाहरण पर्लचे नसून सी भाषेतल्या पीएचएफ या नमुना प्रोग्रामचे आहे, जो एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर वाटला जाई. तो लोकांचे पत्ते शोधण्यासाठी पीओपनने दुसरा प्रोग्राम चालवत असे, आणि वाक्य शेलकडे जाण्यापूर्वी त्यातील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करण्यासाठी एक फंक्शन वापरत असे. त्या फंक्शनच्या यादीत नवी ओळ सुरू करणारे चिन्ह राहून गेले होते. शेलच्या लेखी नवी ओळ म्हणजे नवी आज्ञा, त्यामुळे पत्त्याच्या शोधात ते चिन्ह घालून पुढे हवी ती आज्ञा लिहिली की ती सर्व्हरवर चालत असे. १९९६ मध्ये सर्ट या अमेरिकी सुरक्षा केंद्राने याविषयी जाहीर इशारा दिला. वाईट चिन्हांची यादी करून ती गाळत बसण्यापेक्षा, ज्याला त्या चिन्हांचा अर्थ लागतो त्यालाच मध्ये न आणणे बरे, हे त्या एका विसरलेल्या चिन्हाने दाखवून दिले होते, तरीही पुढची अनेक वर्षे याद्या लांबवण्याचेच काम चालू राहिले.

पर्लने वेगळा उपाय शोधला होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक मजकुरावर 'मळका' असा शिक्का मारायचा, तो ज्या ज्या मजकुरात मिसळेल तोही मळका धरायचा, आणि मळका मजकूर आज्ञेत वापरला गेला तर काम तेथेच थांबवायचे. आरंभी यासाठी टेंटपर्ल नावाचा स्वतंत्र इंटरप्रिटर होता, पाचव्या आवृत्तीपासून (१९९४) तो पर्लचाच एक पर्याय झाला. विचार म्हणून हा उपाय अतिशय देखणा आहे, पण तो मागून घ्यावा लागे, आणि मागून घ्याव्या लागणाऱ्या सुरक्षेचे जे होते तेच त्याचे झाले.

वाक्य आणि यादी यांचा प्रश्न न उद्भवू देणारी भाषा त्याच काळात होती. बर्कली येथे जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टीसीएल या भाषेचे काम सुरू केले. तिच्यातील एक्झेक ही आज्ञा शेलला कधीच बोलावत नाही, पाइप आणि फाइलकडे वळवण्याची चिन्हे ती स्वतःच ओळखते आणि प्रोग्रामला यादीच देते. तिचा एक विक्षिप्तपणा मात्र प्रसिद्ध आहे : अपत्य प्रोग्रामने त्रुटींसाठी राखलेल्या मार्गावर काहीही छापले तर, मग ती निव्वळ सूचना का असेना, टीसीएल काम फसले असे मानते. औस्टरहाउट यांनी १९९८ मध्ये एका बहुचर्चित निबंधात असे प्रतिपादन केले की मोठे घटक सी सारख्या भाषांत घडवावेत आणि त्यांची सांधेजोड स्क्रिप्टच्या भाषेत करावी, कारण दोन्ही कामांचा स्वभावच वेगळा आहे.

टीसीएलच्या पायावर उभे राहिलेले एक्सपेक्ट हे साधन या इतिहासात वेगळे उठून दिसते. काही प्रोग्राम पाइपला जुमानतच नाहीत. पासवर्ड बदलणारा प्रोग्राम समोर खरे टर्मिनल आणि त्यावर बसलेला माणूस आहे असे गृहीत धरून थेट टर्मिनलवरूनच वाचतो, आणि दूरच्या यंत्रावर फाइली नेणारे जुने प्रोग्रामही प्रश्नोत्तरांवर चालत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्ज यांनी १९९० मध्ये मांडलेले एक्सपेक्ट अशा प्रोग्रामला खोटे टर्मिनल पुरवते, त्याने विचारलेला प्रश्न ओळखते आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले उत्तर टाइप केल्यासारखे पाठवते. खोट्या टर्मिनलचा आणखी एक उपयोग आहे. सी भाषेची लायब्ररी, समोर टर्मिनल असेल तर मजकूर ओळ पूर्ण होताच पुढे पाठवते, पण समोर पाइप असेल तर मोठा गठ्ठा साठेपर्यंत तो अडवून ठेवते; त्यामुळे हाताने चालवल्यावर झटपट उत्तर देणारा प्रोग्राम स्क्रिप्टमधून चालवला की मुका झाल्यासारखा वाटतो. एक्सपेक्टने त्याची समजूत टर्मिनलच आहे अशी करून दिली की तो बोलू लागतो.

पायथनची कहाणी मात्र गर्दीची आहे. गिडो व्हान रॉसम यांची ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत तीत बाहेरचा प्रोग्राम चालवण्याच्या इतक्या वाटा तयार झाल्या की सिस्टम, पीओपन, पीओपन-२ ते पीओपन-४, स्पॉनच्या अनेक जाती आणि कमांड्‌स नावाचे मॉड्यूल यांतली कोणती कधी वापरावी हे जाणत्यांनाही सांगता येत नसे. पीटर ओस्त्रांद यांनी २००३ मध्ये या सर्वांच्या जागी एकच मॉड्यूल असावे असा प्रस्ताव लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये पायथनच्या २.४ या आवृत्तीत सबप्रोसेस दाखल झाले. त्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा की काही न सांगितल्यास शेल मध्ये येणार नाही. आज्ञा यादीच्या रूपात द्यायची, आणि वाक्यच हवे असेल तर ते आहे असे स्पष्ट लिहून शेल मागायचा. प्रोग्राम सापडलाच नाही तर पूर्वी शेलकडून १२७ हा आकडा हाती येई आणि तो प्रोग्रामचाच निकाल आहे की काय असा संशय राही. सबप्रोसेसमध्ये अपत्याच्या बाजूला घडलेली ही चूक पालकाकडे नेहमीच्या अपवादाच्या रूपात पोचवली जाते. पर्लमध्ये जी गोष्ट शक्य होती ती पायथनने सहज घडणारी केली, आणि या विषयात शक्य असणे आणि सहज घडणे यांत फार अंतर आहे.

सबप्रोसेसमधील कम्युनिकेट ही सोय एका जुन्या कोंडीसाठी आहे. पाइपची धारणक्षमता मर्यादित असते. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती ४,०९६ बाइट होती आणि लिनक्समध्ये २००५ पासून सामान्यतः ६५,५३६ बाइट आहे. स्क्रिप्ट अपत्याला मजकूर पुरवत आहे आणि अपत्य त्याच वेळी निकाल लिहीत आहे अशा स्थितीत निकालाचा पाइप भरला, आणि स्क्रिप्टला आपले देणे संपल्याशिवाय वाचायचे नसले, तर अपत्य जागा मोकळी होण्याची आणि स्क्रिप्ट अपत्याने वाचण्याची वाट पाहत दोघेही कायमचे खोळंबतात. थोड्या माहितीवर हे कधीच घडत नाही, म्हणून ते बहुधा प्रत्यक्ष वापरातच प्रकट होते.

पाइपमधून वाहतात ती अक्षरे नसून बाइट असतात, आणि हा भेद देवनागरीत लिहिणाऱ्यांना इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर भोवतो. टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते मूळ अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेते. पाइप वाचणारा प्रोग्राम सामान्यतः दोनाच्या घाताइतके बाइट एका वेळी उचलतो, आणि दोनाच्या कोणत्याही घाताला तीनने भाग जात नाही. म्हणून सलग मराठी मजकूर अपत्याकडून तुकड्यातुकड्याने घेताना कोणत्या ना कोणत्या तुकड्याच्या शेवटी एखादे चिन्ह मधोमध कापले जाणे जवळजवळ अटळ असते. स्क्रिप्टने प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडायला घेतला तर तेथे अक्षराऐवजी प्रश्नचिन्हे तरी उमटतात किंवा काम तरी थांबते. पायथनने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत बाइट आणि मजकूर हे दोन निरनिराळे प्रकार मानले, तेव्हा त्यावर पुष्कळ कुरकुर झाली. पण मराठी नावांच्या फाइली बाहेरच्या प्रोग्रामला देणाऱ्याला त्या भेदाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

यादी रुळल्यावरही मधल्या शेलचा वारसा संपला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझलास यांनी शोधलेला शेलशॉक नावाचा दोष बॅश या शेलमध्ये १९८९ पासून दडून होता. बॅश सुरू होताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये साठवलेली फंक्शने वाचत असे, आणि त्या फंक्शनच्या व्याख्येनंतर काही आज्ञा चिकटवल्या असल्या तर त्याही चालवून टाकत असे. सीजीआयच्या संकेतानुसार वाचकाच्या ब्राउझरने पाठवलेली माहिती नेमकी अशाच व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते. म्हणजे आज्ञेचे वाक्य पूर्णपणे निर्धोक, त्यात परक्याचा एकही शब्द नाही, अशा स्क्रिप्टनेही केवळ सिस्टम वापरून बॅशला मध्ये आणले की हल्ल्याची वाट खुली होई. सातव्या आवृत्तीतील दोन निरुपद्रवी सोयी पस्तीस वर्षांनी अशा एकत्र आल्या.

फोर्कवरही पुनर्विचार झाला. भल्या मोठ्या प्रोसेसची संपूर्ण प्रत करायची आणि पुढच्याच क्षणी एक्झेकने ती टाकून द्यायची ही उधळपट्टी १९७९ च्या सुमारासच बर्कलीत खटकली होती आणि तेथे व्हीफोर्क ही काटकसरीची आवृत्ती निघाली. २०१९ मध्ये तर काही संशोधकांनी फोर्क निवृत्तच करावा असा निबंध मांडला. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला यातले फारसे काही जाणवत नाही.

विंडोजची घडण मात्र मुळातच उलटी आहे. १९९३ च्या विंडोज एनटीमधील क्रिएटप्रोसेस ही सोय शब्दांची यादी घेतच नाही. तिला एक सलग ओळ द्यायची असते आणि ती ओळ कशी तोडायची हे प्रत्येक प्रोग्राम आपले आपण ठरवतो. त्यामुळे पायथनला किंवा जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडला यादी दिली तरी विंडोजवर ती आधी वाक्यात गुंफावी लागते, आणि पलीकडचा प्रोग्राम ती रूढ नियमांनीच उलगडेल अशी आशा करावी लागते. बॅच फाइल, म्हणजे विंडोजच्या आज्ञा लिहून ठेवलेली फाइल, ही आशा फोल ठरवते, कारण तशी फाइल चालवायला सांगितली की क्रिएटप्रोसेस कोणी न मागता विंडोजचा आज्ञा-इंटरप्रिटर मध्ये आणते, आणि त्याचे अवतरणचिन्हांचे नियम रूढ नियमांपासून निराळे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये हा दोष अनेक भाषांत एकाच वेळी उघड झाला. रस्ट या भाषेने सुरक्षितपणे गुंफता न येणारा शब्द आला तर प्रोग्राम चालवण्यास नकार द्यायचे ठरवले, आणि नोडने बॅच फाइल यादीच्या मार्गाने चालवणे बंद करून, तशी फाइल चालवायचीच असेल तर शेल हवा असे लिहून मागण्याची अट घातली.